फाटकावरची डॉक्टर

अल् घुब्रा, मस्कत, ४ फेब्रुवारी २०२४

अब्बा,

अस्सलामु अलैकुम.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात, म्हणून हा कागद. शेजारचे यूनुसचाचा भाज्यांचा ट्रक घेऊन सलालाहला निघालेत, त्यांच्या हातात देतेय. त्यांनी विचारलं, बापाला चिट्ठी कशाला, फोन नाही काय? मी म्हटलं, अब्बा काम करतात त्या पोर्टात रेंज मिळत नाही. बघा, तुमची मुलगी पण शिकली थोडं थोडं.

मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत लिहिलं तर तुम्ही ते पोर्टातल्या कुणाला तरी वाचायला द्याल आणि तुमचंच बिंग फुटेल. जुम्म्याच्या नमाजनंतर जुन्या मराठी पेपरवर बोट ठेवून तुम्हीच वाचायला शिकवलंत. शाळेत सगळ्या मुली इंग्रजीत बोलायच्या आणि मी घरी येऊन जोडाक्षरं गिरवायची. तुम्ही म्हणायचात, गावाला दादीला पत्र लिहिता आलं पाहिजे. दादी गेली. आता तुम्हालाच लिहितेय.

ताबिशला मी खरं सांगितलं, हाच ना माझा गुन्हा? चिपळूणचा मुलगा, स्वतः डॉक्टर, घरचा दवाखाना. स्थळ तुम्ही आणलंत. त्यानं सरळ मनानं फोन केला आणि विचारलं, सध्या पोस्टिंग कुठल्या वॉर्डात आहे, मेडिसिन की सर्जरी? मी काय सांगायला हवं होतं? मी सांगितलं की मी एमबीबीएसला नाही, बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि माझं पोस्टिंग लॅबमधल्या स्टुलावर, सेंट्रिफ्यूजच्या शेजारी आहे. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, मग माझा काहीतरी गैरसमज झाला असेल. भला माणूस. त्याचा गैरसमज झाला नव्हता, तो करून दिला होता.

त्याच संध्याकाळी तुमचा अम्मीला फोन. मी तुमचं नाक कापलं, मी तुम्हाला तोंडघशी पाडलं. अम्मी बिचारी हातातली पोळी तव्यावर टाकायची विसरून ऐकत उभी. तिनं तुम्हाला एका शब्दानं विचारलं नाही की मुळात खोटं बोललं कोण.

नीटला मार्क कमी पडले तो दिवस आठवतो? मी खोलीत तोंड लपवून पडले होते. तुम्ही आत आलात आणि, खरं तेच लिहिते, फार चांगलं बोललात. "रडतेस कशाला? वाट थोडी लांबची पडेल, एवढंच. बायोकेमिस्ट्री कर, मन लावून कर, मग मेडिकलला जा." त्या वाक्यावर मी ही सगळी वर्षं काढलीत, अब्बा. ज्या दिवशी टायट्रेशन चुकायचं, ज्या दिवशी एन्झाइमची नावं डोक्यात शिरायची नाहीत, त्या दिवशी तेच वाक्य म्हणायचे.

पण सलालाहला परत गेल्या गेल्या तुम्ही पोर्टात केशराचा हलवा वाटलात, पोरगी मेडिकलला लागली म्हणून. यूनुसचाचा मुबारकबाद द्यायला दारात आले तेव्हा अम्मी आणि मी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. नंतर तुम्हाला विचारलं तर तुम्ही हसण्यावारी नेलंत. लाइन मेडिकलचीच आहे ना, म्हणालात, लोकांना काय फरक कळतो? मग सुट्टीवर गावाला गेलात आणि घराच्या फाटकाला संगमरवरी पाटी लावून आलात. डॉ. हिबा मुनीर पावसकर. मला पाटीचा फोटो पाठवलात, खाली फुलं. आपल्या खाडीवर आखातातल्या माणसांची घरं वर्षभर बंद असतात आणि फाटकं एकमेकांशी चढाओढ करतात, हे मला माहीत आहे. शेजाऱ्यांच्या पाटीवर इंजिनियर, म्हणून आपल्या पाटीवर डॉक्टर. पण शेजाऱ्यांचा मुलगा निदान इंजिनियर झालाय तरी.

नंबर अनब्लॉक करा. अम्मीचं बीपी वाढलंय. हे मी डॉक्टर म्हणून नाही, मशीन वाचता येतं म्हणून सांगतेय.

तुमची,
हिबा


अल् घुब्रा, २२ मार्च २०२४

अब्बा,

सलाम. रमजान मुबारक.

यूनुसचाचा म्हणाले, तुम्ही चिट्ठी न उघडता खिशात ठेवलीत. ठीक. ही तरी उघडा, हिच्यात भांडण नाही.

आमचे अम्मार सर आहेत ना, तुम्ही त्यांना एकदा पार्किंगमध्ये भेटलात आणि अर्बाब अर्बाब करत, जसे ते तुमचे मालकच, त्यांच्या हातात खजुराचा डबा दिलात, ते. परवा त्यांनी मला थांबवून घेतलं. इथल्या एका मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्रीच्या पदवीधरांसाठी थोड्या जागा असतात. पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची, पण नीटबिट नाही, पदवीचे मार्क आणि मुलाखत. सर तिथं मुलाखत घ्यायलाही बसतात, त्यांनी माझं नाव पाठवलं होतं. मला बोलावलंय, अब्बा. तुम्ही म्हणाला होतात ना वाट थोडी लांबची, ती वाट खरंच आहे. मीच मधूनमधून विश्वास सोडला होता.

माझा प्रोजेक्ट त्यांना आवडला म्हणे. तुम्हाला सांगते काय आहे ते. डायबेटिसवाल्यांचा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट असतो ना, गावाला तुमच्या बहिणीचा, फुफीचा असतो तो. इथं पुष्कळ लोकांच्या रक्तात हिमोग्लोबिनच जन्मापासून थोडं वेगळं असतं. अशा माणसाचा तो रिपोर्ट कधीकधी फसवतो. कागदावर सगळं झकास, आणि आत साखर वाढलेली. मी असे नमुने दोन पद्धतींनी तपासले आणि कुठे फरक पडतो ते दाखवलं. अम्मार सर म्हणाले, तुला खोटा रिपोर्ट बरोबर ओळखता येतो. मी म्हटलं, सर, घरी सराव होतो. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. बघा, भांडण नाही म्हटलं आणि टोमणा मारलाच. माफ करा, रोजा आहे.

आता कामाचं. मुलाखत जूनमध्ये आहे. विद्यार्थी ज्याच्या व्हिसावर आहे त्यानं त्या दिवशी स्वतः हजर राहायचं, हा त्यांचा नियम आहे. अम्मी चालत नाही, ती पण तुमच्याच व्हिसावर. तुम्हीच पाहिजे. फीचा प्रश्न नाही, पोरीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलंय हे तुम्ही स्वतःच सगळ्यांना सांगत असता. तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. इंग्रजीत कुणी काही विचारलं तर मी आहे. नुसते येऊन खुर्चीवर बसा.

ताबिशचं सोडून द्या. माझ्यावरचा राग जूननंतर पुन्हा धरा हवं तर. पण त्या एका दिवसासाठी या.

ईदला आलात तर शीरखुर्मा मी करीन, अम्मीला हात लावू देणार नाही.

हिबा


अल् घुब्रा, १९ मे २०२४

अब्बा,

ईदला आला नाहीत. पोर्टात जहाज अडकलं होतं म्हणे. असेल.

निकाल लागला. वर्गात पहिली. अम्मीनं शेजारी मिठाई वाटली आणि कुणी विचारलं कसली, तर तिला सांगता येईना. बीएस्सी झाली म्हणावं तर लोक विचारणार, अहो, ती तर डॉक्टरकीला होती ना? मग ती म्हणाली, परीक्षा पास झाली. पहिली आलेल्या मुलीची आई चोरासारखी मिठाई वाटत फिरली. मी दारातून बघत होते. तुमचा त्या दिवशी इतका संताप आला की मी वाटी आपटली. वाटी फुटली, अम्मीची आवडती.

मुलाखतीचा तुमचा निरोप अम्मीकडून कळला. "बघू, इन्शाल्ला." अल्लाची मर्जी आणि तुमची मर्जी यांतला फरक मला चांगला कळतो, अब्बा. सायकल घेऊ इन्शाल्ला, शाळेच्या गॅदरिंगला येऊ इन्शाल्ला, हे ऐकत मोठी झालेय मी. या वेळी नुसतं येतो म्हणा.

तारीख आणि पत्ता वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलाय. सलालाहहून सकाळचं विमान आहे. तुमचा निळा शर्ट इस्त्री करून कपाटात टांगलाय. तुम्ही आलात काय, न आलात काय, मला फरक पडत नाही असं अम्मीला सांगितलंय. तुम्ही तिला उलटं काही सांगू नका.

हिबा


अल् घुब्रा, २५ जून २०२४

अब्बा,

काल मुलाखत होती.

मी आणि अम्मी वेळेच्या आधी पोचलो. कॉरिडॉरमध्ये खुर्च्या होत्या. मी एका खुर्चीवर पर्स ठेवली. कुणी विचारलं तर सांगायचे, माणूस येतोय. सोहारहून एक प्रताप काका आले होते, अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यातले. ड्युटी संपल्यावर घरी न जाता तसेच आलेले, अंगावर कारखान्याचा शर्ट, बूट धुळीनं भरलेले. त्यांची यशश्री माझ्या शेजारी बसली होती आणि तिला बापाच्या बुटांची लाज वाटत होती. पाय सारखे आत घ्यायला सांगत होती त्यांना. मला तिला एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

माझं नाव पुकारलं. अम्मार सर बाहेर आले. "यल्ला हिबा, वडील कुठे आहेत?" मी म्हटलं, वाटेत आहेत. त्यांनी माझा नंबर मागे टाकला. अम्मी तुम्हाला फोन लावत होती, तुमचा फोन बंद. पुन्हा पुकारलं, पुन्हा मागे. यशश्री आत गेली, बाहेर आली, प्रताप काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघं चहा प्यायला गेले. सगळे गेले. खुर्चीवर माझी पर्स तेवढी राहिली.

शेवटी दुपार झाली, दुहरची अजान झाली आणि ऑफिसातल्या बाईंनी दार लावून घेतलं. अम्मीनं त्यांना हिंदीत, उर्दूत, मोडक्या अरबीत विनवलं. ती बाई वाईट नव्हती, पण नियम तो नियम. अम्मार सर माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "तुझ्यासाठी मी पुष्कळ काही करू शकतो, हिबा. तुझा बाप मी आणू शकत नाही."

घरी येताना टॅक्सीत अम्मी म्हणाली, विमान चुकलं असेल गो त्यांचं. तिलाही ते खरं वाटत नव्हतं.

तुम्ही आजारी वगैरे आहात काय? तसं असेल तर हे सगळं पत्र फाडून टाका. रात्रभर मी तेच मनात धरून बसले की तुम्ही आजारी असाल. लाज वाटते सांगायला, पण तुम्ही आजारी असावं अशी मी आशा केली.

हिबा


अल् घुब्रा, ११ जुलै २०२४

तुम्ही आजारी नव्हता.

यूनुसचाचा काल आले, खाली मान घालून बसले. अम्मीनं पाणी दिलं ते प्याले नाहीत. म्हणाले, मुनीर त्या दिवशी पोर्टाच्या कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसला होता. बाहेर खरीफच्या पावसाची बुरबुर चालू होती, सुलेमानी चहा समोर, फोन बंद करून टेबलावर पालथा. यूनुसचाचांना मुलाखतीचं माहीत होतं, तारखेचा कागद त्यांनीच तर आणून दिला होता. त्यांनी तुम्हाला विचारलं, जात का नाहीस? पोरीची जिंदगी आहे.

तुम्ही काय म्हणालात ते त्यांनी सांगितलं. मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं, म्हणजे चूक नको. "ज्या पोरीला मी डॉक्टर म्हणून सांगितलंय तिला आता पहिल्या वर्षाला कसा बसवू? गावात काय तोंड दाखवू?"

वा अब्बा, वा. मी हसले, खरंच हसले. अम्मी घाबरली. मला डॉक्टर होता येत नाही, कारण तुमच्या तोंडात मी आधीच झालेय. मी नापास झाले असते तर तुम्हाला चाललं असतं. मी काहीच न होता तुमच्या पसंतीच्या घरात भाकऱ्या भाजत बसले असते तरी चाललं असतं, डॉक्टर सून घरी बसते म्हणून लोकांनी कौतुक केलं असतं. फक्त मी खरोखर डॉक्टर व्हायला निघाले ते तुम्हाला चाललं नाही. मी चार पावलं टाकली असती तर तुमची पाटी खोटी पडली असती. पाच-सहा वर्षांत मीच ती खरी करून दिली असती, हे तुमच्या डोक्यात आलं नाही काय? तेवढाही दम धरवला नाही?

मला तुमचा तिरस्कार वाटतो असं लिहिणार होते. लिहून खोडलं, बघा, वर खोडाखोड दिसेल. तसं वाटत असतं तर सोपं झालं असतं.

आज तुमचा निरोप आला. अल् घुब्राचा फ्लॅट सोडायचा, अम्मीनं सलालाहला यायचं, मी गावाला फुफीपाशी राहायचं, दुसरं स्थळ बघताय. खलास. निर्णय झाला. मी सामान बांधतेय. पुस्तकं यशश्रीला दिली. ती मेडिकलला लागली. तिच्या बाबांनी बूट पुसले नव्हते, तरी लागली.

हिबा


गाव, ६ ऑक्टोबर २०२४

अब्बा,

यूनुसचाचा सुट्टीवर आलेत, परत जाताना हे पत्र नेतील. या वेळी पाकीट चिकटवलेलं नाही. त्यांना वाचायचं तर वाचू दे, ट्रकमधल्या भाज्यांनाही वाचून दाखवू दे.

तुमची पाटी मी पहिल्यांदा जवळून पाहिली. फोटोत दिसते त्यापेक्षा मोठी आहे. अक्षरांत सोनेरी रंग भरलाय. आले त्या दुपारपासून पडवीत बायकांची रांग. कुणाची थायरॉइड, कुणाचं मूल जेवत नाही, कुणाच्या सुनेला दोन वर्षांत दिवस राहिले नाहीत. हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यांत रिपोर्ट. मी प्रत्येकीला सांगितलं, बाई, मी डॉक्टर नाही. मी रक्त तपासायचं शास्त्र शिकलेय, औषध द्यायचं नाही. त्या एकमेकींकडे बघून हसायच्या. किती साधी आहे, म्हणायच्या, मुनीरनं काय वळण लावलंन पोरीला. अब्बा, तुमचं खोटं इतकं पक्कं बसलंय की माझं खरं त्याच्यावरून घसरून पडतं.

हे सगळं मी गिळलं असतं. पण फुफीचा पाय.

तुमची बहीण हाफिजा, जिनं तुम्हाला कडेवर वागवलं असं तुम्ही सांगता, ती. मी आले त्या दिवशी तिनं पाय साडीखाली ओढून घेतला होता. वास आला म्हणून मी जबरदस्तीनं कपडा सोडला. अंगठा काळा पडला होता. मी ओरडले, कधीपासून? ती म्हणाली, उन्हाळ्यापासून. डॉक्टरकडे का नाही गेलीस? तर माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "मी कशाला परक्याला पाय दाखवू? माझी भाची येतेय ना."

मी तशीच रिक्षा केली. रत्नागिरीच्या हॉस्पिटलात तिथल्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि माझ्यावर उखडले, इतके दिवस घरात काय करत होतात? मी काही बोलायच्या आत फुफी पलंगावरून ताठ होऊन म्हणाली, हिला बोलू नका, ही स्वतः डॉक्टर आहे, मस्कतची. त्यांचा सूर बदलला. मला मॅडम म्हणाले, कॉलेज विचारलं, आणि फाइल माझ्यापुढे करून विचारलं, तुम्हाला काय वाटतं, अंगठा वाचवायचा प्रयत्न करू या की लगेच काढू या?

वॉर्डभर बायका ऐकत होत्या. आपल्या वाडीतल्या दोघी होत्या. आणि फुफी माझ्याकडे अशी बघत होती की आता ही सांगेल आणि माझा अंगठा वाचेल.

मी म्हटलं, मी डॉक्टर नाही. कधीच नव्हते.

या वेळी कुणी हसलं नाही.

अंगठा काढला. पाय वाचला, त्यासाठी शुक्र. महिनाभर आधी दाखवला असता तर मलमपट्टीवर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांचे शब्द तसेच लिहिलेत, माझ्या पदरचं काही घातलेलं नाही.

फुफी शुद्धीवर आली. संध्याकाळी तिला पेज भरवत होते. दोन घास खाल्ले, मग माझा हात धरला. रागानं नाही, खरोखर कळत नसल्यासारखं विचारलं.

"मग पाटी कोणाची गो?"

मी पेज भरवत राहिले.

फुफी आता आपल्या घरी आहे, तिची सून करते तिचं. मी उद्या जातेय. पुण्यात एका लॅबमध्ये नोकरी मिळाली, माझ्या बायोकेमिस्ट्रीवर, जिची तुम्हाला लाज वाटत होती. सकाळी रक्ताच्या बाटल्या आणि संध्याकाळी अभ्यास. नीटला पुन्हा बसणार आहे. लागेन की नाही माहीत नाही, मुली माझ्यापेक्षा लहान असतील. आणि लागलेच, तरी तुम्ही कुणाला सांगायचं नाही. हलवा वाटायचा नाही. एवढं एक माझ्यासाठी करा.

पाटी काढलेली नाही. काढायला गवंडी बोलावला होता, मीच त्याला परत पाठवलं. तुम्ही लावलीत, तुम्हीच काढा.

यूनुसचाचा म्हणाले, डिसेंबरात सुट्टीवर येताय. फुफीला अजून लांब चालता येत नाही. दुपारी ती काठी घेऊन फाटकाशी खुर्ची टाकून बसते, पाटीच्या खालीच. तुम्ही गाडीतून उतरलात की ती पहिली दिसेल. तिनं मला विचारलं त्याचं उत्तर मी दिलेलं नाही. ते तुमच्यासाठी ठेवलंय.

हिबा मुनीर पावसकर,
बीएस्सी